प्रेक्षकांच्या मालकीचा क्लब

केरळमध्ये फुटबॉलचा सामना असला की गॅलरीत एक वाद्य हमखास घुमतं. तिथले लोक त्याला ‘नाशिक ढोल’ याच नावाने ओळखतात. मिरवणुकीत, निवडणुकीच्या प्रचारात आणि कोचीच्या पिवळ्या जर्सींच्या गर्दीतही तो वाजतो. हजार किलोमीटरवरच्या फुटबॉलवेड्या मुलखात नाशिकचं नाव असं रुजलं आहे. खुद्द नाशिकमध्ये मात्र ज्याच्यासाठी हा ढोल बडवावा असा फुटबॉल क्लब नाही.

फुटबॉल आहे. देवळाली कॅम्पात लष्कराची जुनी छावणी आहे आणि छावणी आली की मागोमाग फुटबॉल येतोच. बार्न्स स्कूल 1925 पासून देवळालीत आहे. शाळांच्या स्पर्धा होतात, जिल्हा संघटना आहे, पहाटे मैदानावर घाम गाळणारी मुलंमुली आहेत. युरोपातल्या क्लबांच्या जर्सी घालून कॉलेज रोडवर फिरणारी पोरं तर शेकड्याने दिसतात. त्यांना मँचेस्टरच्या राखीव गोलरक्षकाचं नाव तोंडपाठ असतं आणि स्वतःच्या जिल्हा संघाच्या कर्णधाराचं ठाऊक नसतं. यात त्यांचा दोष नाही. आपला म्हणावा असा क्लब त्यांच्यासमोर कुणी ठेवलेलाच नाही.

असा क्लब कुणी ठेवायचा, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे लगेच एखाद्या उद्योगपतीकडे किंवा आमदाराकडे पाहिलं जातं. या प्रकरणात मला दुसरी शक्यता तपासायची आहे. जे सामना पाहायला येतील त्यांनीच क्लबाचे मालक व्हावं आणि त्यांनीच तो चालवावा, हे जमेल का? जगात ते जमलेलं आहे, फसलेलंही आहे. महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारं एक उदाहरण शंभर वर्षांच्या परंपरेवर उभं आहे. आणि नाशिकपुरतं बोलायचं तर त्यासाठी लागणारी बहुतेक सामग्री या जिल्ह्याने फुटबॉल सोडून बाकी सगळ्या कामांत आधीच वापरून पाहिली आहे.

आधी पुण्याकडे पाहू, कारण मालक एकटा असला की काय होतं ते पुण्याने अवघ्या काही वर्षांत चार वेळा पाहिलं. पिरामल समूहाने 2007 मध्ये पुणे एफसी स्थापन केला. नेटकं व्यवस्थापन, चांगली अकादमी, 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा क्रमांक असं सगळं होतं. 2015 मध्ये क्लब बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स 2017 नंतर दिसेनासा झाला. इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) एफसी पुणे सिटी 2014 मध्ये आला आणि 2019 मध्ये मालकांच्या आर्थिक अडचणींबरोबर संपला. त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली आणि 2025 मध्ये हैदराबादचा तो क्लबही दिल्लीला हलला. ज्या जागेसाठी बालेवाडीत लोक घसा कोरडा करत होते, ती जागा सहा वर्षांत तीन शहरं फिरली.

मुंबईतही हेच झालं. महिंद्रा युनायटेड 1962 पासूनचा संघ. 2005-06 ची नॅशनल फुटबॉल लीग त्याने जिंकली होती. कंपनीने 2010 मध्ये तो बंद करायचं ठरवलं आणि तो बंद झाला. या मालकांना खलनायक ठरवणं अन्यायाचं होईल. भारतात फुटबॉल क्लब चालवून नफा होत नाही, वर्षानुवर्षं पदरचे कोट्यवधी रुपये घालावे लागतात, आणि या मंडळींनी ते घातले. पण ज्याच्या खिशातून खर्च होतो, थांबवायचा निर्णयही तोच घेतो. प्रेक्षकांना कुणी विचारलं नाही, कारण त्यांना विचारायची कुठे सोयच नव्हती. त्यांचं नाव कुठल्याही वहीत नव्हतं.

कोल्हापुरात गोष्ट उलटी आहे. तिथे संघ पेठेचा असतो. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ ही नावं वाचली तरी कळतं की यांतल्या बहुतेकांचा जन्म फुटबॉलसाठी झालेला नाही. शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला जो आश्रय मिळाला त्यातून पेठापेठांत तालमी बहरल्या. तालमीत व्यायाम झाला, गणपती बसला, भागातली भांडणं मिटली, आणि पुढे त्याच तालमीच्या नावाने पोरं फुटबॉल खेळू लागली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ ‘अ’ गटात 16 संघ उतरतात आणि त्यांचे सामने शाहू स्टेडियमवर होतात. दुपारी पहिला सामना, तो संपला की दुसरा. पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की गॅलरीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. हलगी कडाडत असते, खेळाडूला नावाने, टोपणनावाने, त्याच्या बापाच्या नावानेही हाका जातात. राइट बॅकने चेंडू घालवला तर तो कुठल्या गल्लीत राहतो हे ओरडणाऱ्याला माहीत असतं आणि रात्री दोघं एकाच चहाच्या टपरीवर भेटणार असतात. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

या संघांचा मालक कोण? कागदावर एखादं नोंदणीकृत मंडळ असतं, अध्यक्ष-सचिव असतात. खर्च मात्र वर्गणीतून, देणगीदारांच्या मदतीतून, स्पर्धेच्या बक्षिसातून, कुणी बुटाचे जोड दिले, कुणी प्रवासाची गाडी दिली, अशा मार्गांनी भागतो. मालकाने कंटाळून बंद केला असं या संघांबाबत होऊच शकत नाही. दिलबहार विकायचा म्हटला तर विकणार कोण, आणि विकत घेऊन नेणार कुठे? पेठ उचलून नेता येत नाही. पुण्याचे चारही क्लब पैशाने यांच्यापेक्षा कितीतरी मोठे होते. ते गेले आणि तालमी राहिल्या.

मात्र कोल्हापूरला आदर्श ठरवून मोकळं होता येणार नाही. गेल्या काही वर्षांत बाहेरचे, अगदी नायजेरियाचे खेळाडूही पैसे देऊन आणण्याची चढाओढ लागली. त्या पैशासाठी वर्गणी पुरत नाही, मग पुढाऱ्याकडे जावं लागतं. चषकांना, जर्सींना आणि मैदानाकडेच्या फलकांना नेत्यांची नावं लागली. ईर्ष्या कधी गॅलरीतून मैदानात उतरते, सामना थांबतो, पोलीस येतात. त्याहून खोल अडचण मला दिसते ती वेगळीच आहे. तालमीचा कारभार पेठेतल्या जाणत्यांच्या समजुतीने चालतो. कुणाला मत आहे आणि कुणाला नाही, हे कुठे लिहिलेलं नसतं. पेठेत नुकतं राहायला आलेल्या कुटुंबाला, मुलींना, किंवा सामन्याला नित्यनेमाने येणाऱ्या पण दुसऱ्या भागात राहणाऱ्या माणसाला त्यात बोलायला जागा नसते. आपलेपण अपार आहे, मालकी मात्र नोंदलेली नाही. आणि नाशिकला ही वाट जशीच्या तशी घेताही येणार नाही. जुनं नाशिक, पंचवटी, नाशिक रोड, सिडको, सातपूर ही उपनगरं आपापला तोरा राखून आहेत. पण त्यांना कोल्हापूरच्या पेठांसारखी तालीम-फुटबॉलची मुळं नाहीत. नाशिकला आपलेपण आणि नोंद दोन्ही एकदमच उभारावी लागतील.

नोंदलेली मालकी कशी असते ते जर्मनीत नीट दिसतं. तिथले क्लब मुळात सभासदांच्या संघटना होत्या. 1998 मध्ये जर्मन फुटबॉल महासंघाने क्लबांना व्यावसायिक संघाची कंपनी काढायची मुभा दिली, पण एक अट घातली: त्या कंपनीतली निम्म्याहून जास्त मतं मूळ सभासद-संघटनेकडेच राहिली पाहिजेत. याला तिथे ‘पन्नास अधिक एक’ नियम म्हणतात. बायर्न म्युनिकचंच बघा. कंपनीचे 75 टक्के समभाग सभासद-संघटनेचे आणि उरलेले आदिदास, आउडी आणि अलियान्झ या तीन कंपन्यांत सारखे वाटलेले. सभासदांची संख्या तीन लाखांच्या वर. भांडवल बाहेरून घ्यायचं, दोर मात्र हातातून सोडायचा नाही. या मताला धार असते. 2023 च्या डिसेंबरमध्ये जर्मन लीगने प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला 8 टक्के वाटा गुंतवणूकदाराला विकायचा घाट घातला होता. प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि 2024 च्या फेब्रुवारीत लीगला तो बेत गुंडाळावा लागला. पळवाटाही आहेत. आरबी लाइपझिगने मतदार सभासदांची संख्या अगदी मोजकी ठेवून नियमाचं अक्षर पाळलं आणि आत्मा बाहेर ठेवला.

बायर्नची ही रचना नाशिकच्या वाचकाला परदेशी वाटायचं कारण नाही. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला ती चालू आहे. विलास शिंदे आणि त्यांच्या सोबतच्या शेतकऱ्यांनी उभारलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांच्या मालकीची उत्पादक कंपनी. द्राक्षं निर्यात करता करता प्रक्रिया उद्योगासाठी मोठं भांडवल लागलं तेव्हा 2022 मध्ये त्यांनी युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून सुमारे 310 कोटी रुपये घेतले. पण ते घेतले खालच्या कंपनीत. शेतकऱ्यांची मूळ कंपनी वर तशीच राहिली आणि नियंत्रण तिच्याकडे राहिलं. द्राक्षबागाईतदारांना जी रचना समजली आणि पेलली, ती फुटबॉलच्या प्रेक्षकांना पेलणार नाही असं मानायला मला काही आधार सापडत नाही.

सभासदांची मालकी असली की शहाणपण आपोआप येतं, असं मात्र नाही. बार्सिलोनाने हे दाखवून दिलं. स्पेनमध्ये 1990 च्या कायद्याने बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हावं लागलं. बार्सिलोना, रेआल माद्रिद, अॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चारच जुन्या पद्धतीने सभासदांचे राहिले. बार्सिलोनाचे सभासद लाखाच्या वर, अध्यक्ष त्यांच्या मतांनी निवडला जातो. त्याच लोकनियुक्त कारभाऱ्यांनी खेळाडूंवर इतकी उधळपट्टी केली की 2021 च्या ऑगस्टमध्ये नव्या अध्यक्षांनी 135 कोटी युरो कर्ज असल्याचं जाहीर केलं आणि मेस्सीला ठेवून घेणंही क्लबाला जमलं नाही. मत मागायचं तर मोठा खेळाडू आणण्याचं वचन द्यावं लागतं आणि त्याचं बिल पुढच्या अध्यक्षाच्या टेबलावर जातं. निवडून आलेल्या मंडळाला क्लबाच्या अंदाजपत्रकाच्या 15 टक्के रकमेची हमी द्यावी लागे, म्हणजे मत सगळ्यांना असलं तरी उभं राहणं धनिकांनाच परवडे. रेआल माद्रिदमध्ये तर अध्यक्षपदासाठी वीस वर्षांचं सभासदत्वही लागतं.

इंग्लंडमधल्या तीन गोष्टी एकत्र सांगितल्या पाहिजेत, कारण तिघींचा शेवट वेगळा आहे. विम्बल्डन एफसी हा लंडनचा जुना क्लब. 2002 च्या मे महिन्यात तो सुमारे 90 किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला हलवायला फुटबॉल संघटनेच्या आयोगाने परवानगी दिली. प्रेक्षकांनी काही आठवड्यांत नवा क्लब काढला. विम्बल्डन कॉमन नावाच्या मोकळ्या रानावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि नवव्या पातळीवरच्या लीगमधून सुरुवात केली. नऊ वर्षांत, 2011 मध्ये, एएफसी विम्बल्डन वरच्या चार व्यावसायिक विभागांत पोहोचला. 2020 मध्ये तो आपल्या जुन्या भागात, प्लाउ लेनवरच्या स्वतःच्या मैदानावर परतला. त्यासाठी शेवटच्या टप्प्यात कमी पडलेला पैसा प्रेक्षकांनी रोखे घेऊन पुरवला. पोर्ट्समथ दिवाळखोरीत गेला तेव्हा 2013 मध्ये प्रेक्षकांनी प्रत्येकी 1000 पौंडांचे समभाग घेऊन तो वाचवला, कर्ज फेडलं आणि चार वर्षांनी बहुमताने मायकल आयस्नर या अमेरिकी धनिकाला विकला. मैदानाची डागडुजी आणि वरच्या पातळीचा खर्च आपल्याला झेपणार नाही, हे त्यांनी हिशेब मांडून ठरवलं. तिसरी गोष्ट एब्सफ्लीटची. 2008 मध्ये इंटरनेटवरून जमलेल्या सुमारे 30 हजार लोकांनी वर्षाला 35 पौंड भरून हा छोटा क्लब घेतला. संघनिवडसुद्धा सभासदांच्या मतांनी करायची कल्पना होती. त्याच वर्षी संघाने एफए ट्रॉफी जिंकली. पण सभासद जगभर विखुरलेले, सामन्याला येणारे थोडे. नव्याची नवलाई सरली तशी नूतनीकरणं घटत गेली आणि 2013 मध्ये क्लब दुसऱ्यांच्या हाती गेला.

माझ्या मते नाशिकने सर्वांत जास्त शिकावं ते एब्सफ्लीटच्या अपयशातून. ऑनलाइन पैसे गोळा करणं आज आणखी सोपं झालं आहे. पुण्या-मुंबईत आणि कॅलिफोर्नियात राहणारे नाशिककर उत्साहाने हजार रुपये पाठवतील आणि त्यांचे पैसे जरूर घ्यावेत. पण क्लब उभा राहतो तो दर रविवारी येणाऱ्यांवर. तिकिटाच्या टेबलावर बसणारा, चुन्याने रेषा मारणारा, पाहुण्या संघासाठी पोहे करणारा सभासद नसेल तर बाकीचे केवळ देणगीदार उरतात. भारतातला पहिला प्रेक्षक-मालकीचा क्लब म्हणून ओळखला जाणारा ट्रॅव्हन्कोर रॉयल्स तिरुवनंतपुरममध्ये अशाच, आपल्या शहराला धरून चालण्याच्या वाटेने निघाला. तो केरळ प्रीमियर लीगच्या पातळीवर खेळला.

कोलकात्याचे दोन थोर क्लब, 1889 चा मोहन बागान आणि 1920 चा ईस्ट बंगाल, हेही सभासदांचेच. पण व्यावसायिक लीगचा खर्च झेपेना म्हणून दोघांनाही कंपन्यांचा हात धरावा लागला. 2020 मध्ये मोहन बागानच्या फुटबॉल विभागाचा 80 टक्के वाटा गोएंका समूहाकडे गेला आणि नावापुढे त्या समूहाच्या आधीच्या संघाचं ‘एटीके’ लागलं. ती तीन अक्षरं काढा, म्हणून सभासद आणि प्रेक्षक जवळजवळ तीन वर्षं भांडले. मार्च 2023 मध्ये संघ आयएसएल जिंकला त्याच रात्री मालकांनी ती अक्षरं हटवल्याचं जाहीर केलं. पैसा दुसऱ्याचा असूनही हे घडलं, कारण सव्वाशे वर्षांचा सभासदांचा क्लब खाली शिल्लक होता. पुणे एफसीच्या प्रेक्षकांकडे असं काहीच नव्हतं.

आता नाशिक. सभासदांनी संस्था चालवणं या शहराला नवं नाही. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, 1840 पासून आहे. ते वाचकांचं आहे. सभासद वर्गणी भरतात, मत देतात, कार्यकारिणी निवडतात, निवडणुका चुरशीने लढल्या जातात. परशुराम साईखेडकर नाट्यगृहासारखी वास्तू या संस्थेच्या मालकीची आहे. पुस्तकं वाचणाऱ्यांनी एकत्र येऊन शहराच्या मध्यभागी नाट्यगृह राखलं, ही साधी गोष्ट नाही. मराठा विद्या प्रसारक समाज 1914 चा. शेकडो शाळा-महाविद्यालयांच्या या संस्थेचे पदाधिकारी दहा हजारांच्या आसपास सभासद मतदानाने ठरवतात आणि ती निवडणूक विधानसभेइतक्याच ईर्ष्येने होते.

आणि बुडालेल्या संस्थाही याच जिल्ह्याने पाहिल्या. निफाडच्या सहकारी साखर कारखान्याची चाकं वर्षानुवर्षं थांबली. जिल्हा मध्यवर्ती बँकेची कर्जं थकली, संचालक मंडळ जाऊन प्रशासक आले आणि ठेवीदार आपल्याच पैशासाठी खेटे घालत राहिले. ती बँकही कागदावर सभासदांचीच होती. म्हणून क्लब सभासदांचा करा एवढं म्हणून भागत नाही. सभासदांचा हक्क कुठे झिजतो हे बघावं लागतं, आणि तो झिजतो ती जागा मला फार नेमकी ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही संस्थेची वार्षिक सभेची नोटीस काढून पाहा. शेवटी तळटीप असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल आणि त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. शेकडो सभासदांच्या संस्थेत पंधरा-वीस डोकी असतात, अर्धा तास चहा होतो, मग मागील सभेचं इतिवृत्त कायम, जमाखर्च मंजूर, आयत्या वेळचे विषय, आभार. जे काही करायचं असतं ते त्या अर्ध्या तासानंतर होतं.

नाशिकच्या क्लबाची घटना लिहिताना माझा आग्रह राहील तो या तळटीपेला वेसण घालण्याचा. रोजच्या कारभाराला ती चालेल. पण चार विषय तिच्याबाहेर काढावेत: क्लबाचं नाव, रंग, मैदान, आणि क्लबाचा कोणताही हिस्सा दुसऱ्याला देणं. या चारांसाठी एकूण नोंदलेल्या सभासदांच्या, नुसत्या हजर असलेल्यांच्या नव्हे, दोन तृतीयांश मतांची अट असावी. मत मोबाइलवरून देता यावं, पण सभा मैदानावरच व्हावी, सामन्याच्या दिवशी, सामन्याच्या आधी. लोक त्या दिवशी येणारच असतात.

कायद्याची चौकट तयार आहे. सात जणांनी एकत्र येऊन 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढायची आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तिची नोंद करायची, ही वाट आपल्याकडच्या हजारो मंडळांनी मळलेली आहे. तिचा त्रास सगळ्यांना माहीत आहे. दर निवडणुकीनंतर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा, कुणीतरी हरकत घ्यायची आणि खरे विश्वस्त कोण हे ठरायला वर्षं जायची. तरीही मी हीच वाट धरीन, ती एका कलमासाठी. या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विश्वस्तांना स्थावर मालमत्ता विकता येत नाही. इंग्लंडमध्ये क्लबांची मैदानं बिल्डरांच्या घशात गेली तेव्हा प्रेक्षक ज्या कुलपासाठी तळमळत होते, ते आपल्या कायद्यात आधीपासून आहे. पुढे कधी वरच्या लीगसाठी कंपनी लागलीच तर ती या संस्थेखाली काढावी आणि बहुमत संस्थेकडे ठेवावं, मोहाडीसारखं. सहकारी कायद्यातलं ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व घटनेत पहिल्या पानावर लिहावं. लाख रुपये देणाऱ्याचं स्वागत करावं, बोर्डावर नाव लावावं. मत मात्र त्यालाही एकच.

पैशाचं बोलू. समजा 2000 नाशिककरांनी महिन्याला 100 रुपये दिले. वर्षाचे 24 लाख होतात. यात आय-लीगचा किंवा आयएसएलचा संघ उभा राहत नाही, त्याचं स्वप्न दाखवून सभासद करून घेऊ नयेत. पण एक पुरुषांचा संघ, एक महिलांचा संघ, दोन वयोगटांची पोरं, पात्रता असलेला पगारी प्रशिक्षक, पंचांचं मानधन, प्रवास, बूट-चेंडू आणि दुखापतीचा विमा एवढं काटकसरीने यात बसवता येईल. स्थानिक पुरस्कर्त्यांचं वरती येईल ते राखीव निधीत टाकावं. विद्यार्थ्यांची वर्गणी नाममात्र असावी आणि सोळाव्या वर्षापासून त्यांना सभेत बोलता यावं. मुलींचा संघ पहिल्या दिवसापासून हवा. नंतर काढू म्हटलं की तो निघत नाही, आणि तालमींनी जी अर्धी पेठ बाहेर ठेवली ती नव्या क्लबाने ठेवायचं काही कारण नाही.

आणि संघनिवडीत सभासदांनी पडू नये. सभासदांनी कार्यकारी मंडळ निवडावं, मंडळाने प्रशिक्षक नेमावा, अकरा जण कोण ते प्रशिक्षकाने ठरवावं. सामना हरल्यावर प्रशिक्षकाला सभेत जाब विचारायचा हक्क सभासदांना असावा, आणि तो ते वापरतील यात मला शंका नाही. नव्या सभासदासाठी दार कायम उघडं असावं. सभासदत्व वारसाहक्काने जाऊ नये, वर्गणी भरून आणि मैदानावर येऊन ते प्रत्येक पिढीने नव्याने मिळवावं. सभासदांची यादी क्लबाच्या संकेतस्थळावर आणि मैदानावरच्या फलकावर लावावी. यादी कपाटात राहिली की मतदार कपाटातून निघू लागतात.

हे सगळं जमेल. सर्वांत अवघड आहे ते मैदान. शहरातलं सर्वांच्या तोंडी असलेलं गोल्फ क्लब मैदान, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, महापालिकेचं आहे आणि तिथे क्रिकेट, सकाळी फिरणारे, मेळावे, प्रदर्शनं असे अनेक हक्कदार आहेत. ते कुणा एका क्लबाला मिळू नये. पण उपनगरांमध्ये विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी आरक्षित झालेल्या जागा आहेत. त्यातली एक क्लबाने मागावी, कुंपण घालून बळकावण्यासाठी नव्हे. सकाळी परिसरातल्या लोकांना, शाळेच्या वेळात महापालिकेच्या शाळांना आणि संध्याकाळी क्लबाला, असा वेळापत्रकासह करार मागावा. भाड्याऐवजी गवत, पाणी आणि देखभाल क्लबाने अंगावर घ्यावी. विम्बल्डनला आपल्या भागात परतायला अठरा वर्षं लागली, तेव्हा पहिल्याच वर्षी ठराव मंजूर होईल अशी आशा धरू नये. तोवर शाळांच्या मैदानांवर खेळावं. मात्र करार होईल तेव्हा तो संस्थेच्या नावावर व्हायला हवा, अध्यक्षांच्या शब्दावर किंवा नगरसेवकाच्या ओळखीवर चालणार नाही. आणि त्याची प्रत पहिल्या महिन्यात सभासद झालेल्या शाळकरी मुलीलाही मागताच मिळाली पाहिजे.